अवेळी आलेल्या वादळाची नोंद

ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून पायऱ्या चढत-उतरत इथवर आलेल्या काशीकर मराठी श्रोत्यांनो,

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आपण पंचगंगा घाटावर बसलो आहोत. पाच नद्यांचा संगम. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. यांतली किरणा कुणी पाहिली आहे? धूतपापा? हात वर करा. (हशा) एकही हात नाही. आणि तरी उद्या कुणी या घाटाचं नाव बदलून ‘एकगंगा’ करायला निघाला, तर तुम्ही त्याला पायऱ्यांवरून खाली उतरू देणार नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, पण पुष्कळांनी मिळून जपलेलं आहे, त्याची नोंद कशी ठेवायची, हा प्रश्न या घाटाला नवा नाही. माझा आजचा विषय तोच आहे, फक्त नदीच्या जागी वादळ आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते काशीतल्या मराठी मुलांना भूगोल शिकवत. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर थोडी शांतता पाळली. ‘विश्वकोशातली वादळाची नोंद? काशीत? इथून समुद्र किती लांब!’ बरोबर आहे. समुद्र लांब आहे. पण वादळाला जो शब्द सगळं जग वापरतं तो याच नदीच्या काठी तयार झाला, हे आधी सांगतो.

कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ होते. पूर्वी जहाजावर कप्तान, पुढे कोलकात्यातच स्थायिक. १८३९च्या जून महिन्यात बंगालच्या उपसागरात मोठं वादळ झालं. पिडिंग्टन यांनी काय केलं? त्या वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या मागवल्या. कोणत्या वेळी वारा कोणत्या दिशेचा होता, दाबमापकाचा पारा किती उतरला, एवढ्याच कोरड्या नोंदी. एका कप्तानाने लिहिलं होतं वारा उत्तरेचा, दुसऱ्याने त्याच वेळी लिहिलं होतं वारा दक्षिणेचा. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. सगळ्या नोंदी एका नकाशावर मांडल्या की वर्तुळ दिसतं. पिडिंग्टन यांनी पुढे १८४०च्या दशकात त्या वर्तुळाला, सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून, ‘सायक्लोन’ हे नाव दिलं. हुगळीच्या काठी. आणि हुगळी म्हणजे कोण? हीच आपली, खाली वाहते ती.

वर्तुळ एकाही कप्तानाला दिसलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. वादळात सापडलेल्या माणसाला चक्रीवादळ दिसत नाही. त्याला दिसतो फक्त एका बाजूने येणारा वारा. चक्र दिसायला दुसरा माणूस लागतो, तिसरा लागतो, आणि त्यांच्या नोंदी एकत्र बसवणारा चौथा लागतो. आज उपग्रह वरून चक्र दाखवतो हे खरं. पण कोणत्या गल्लीत किती पाणी चढलं, कोण वाचलं, कोण गेलं, ते उपग्रहाला दिसत नाही. तिथे अजूनही कप्तानांच्या रोजनिश्याच लागतात.

पिडिंग्टन यांचे हे निबंध छापले गेले बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. ते नियतकालिक नावारूपाला आणलं जेम्स प्रिन्सेप यांनी. ब्राह्मी लिपी वाचणारे तेच. आणि हे प्रिन्सेप त्याआधी दहा वर्षं कुठे होते? इथे, काशीत, टांकसाळीत. आपल्या डोक्यावर आलमगीर मशीद उभी आहे, तिच्या उंच मिनारांच्या दुरुस्तीचं काम त्यांनीच पाहिलं. ते मिनार आता नाहीत. पण प्रिन्सेप यांनी १८२४ ते १८२६ या तीन वर्षांत काशीच्या हवेच्या रोज घेतलेल्या नोंदी राहिल्या, त्या पुढे लंडनला छापल्या गेल्या. चुन्याविटांपेक्षा पाऱ्याचे आकडे जास्त टिकले, हे मला फार गमतीचं वाटतं. असो.

आता ‘अवेळी’ या शब्दाकडे येऊ. वादळ अवेळी आलं असं आपण केव्हा म्हणतो? वेळ ठरवली कुणी?

अरबी समुद्र घ्या, कारण तो आपल्या मूळ गावांचा समुद्र. तिथे चक्रीवादळांचे दोन हंगाम. एक पावसाळ्याआधी, साधारण मे-जून. दुसरा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. निसर्ग ३ जून २०२०ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, फयान नोव्हेंबर २००९मध्ये, तौक्ते मे २०२१मध्ये. सगळी वेळापत्रकाप्रमाणे. मधल्या जुलै-ऑगस्टात समुद्र गरम असतो, बाष्प भरपूर असतं, तरी चक्रीवादळ होत नाही. का होत नाही? कारण त्या दिवसांत खाली वारा वाहतो पश्चिमेकडून, आणि दहा-पंधरा किलोमीटर वर जोराचा वारा वाहतो पूर्वेकडून. चक्रीवादळाला ढगांचा सरळ उभा मनोरा लागतो. खालून एका बाजूला आणि वरून दुसऱ्या बाजूला ओढ बसली की मनोरा उभाच राहत नाही, तिरपा होऊन विस्कटतो. म्हणून पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रं येतात, धो धो पाऊस पाडतात आणि विरतात. चक्रीवादळ होत नाहीत.

आणि मग २०२४च्या ऑगस्टमध्ये एक झालं. त्याचं नाव असना.

त्याचा प्रवासही उलटा. वादळं समुद्रात जन्मतात आणि जमिनीवर येऊन मरतात. हे कमी दाबाचं क्षेत्र जमिनीवरून चालत आलं, गुजरातवर कित्येक दिवस रेंगाळलं, बडोद्यात विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, मगरी रस्त्यांवर दिसू लागल्या. मग ते कच्छ ओलांडून समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला तिथे चक्रीवादळ झालं. हवामान खात्याने सांगितलं की १८९१पासूनच्या नोंदींत अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये अशी वादळं याआधी फक्त तीन: १९४४, १९६४ आणि १९७६.

पिढीत एखाद्या वेळीच पाहायला मिळावं असं काही घडलं की ज्ञानकोशाच्या कारखान्यात धांदल उडते. कारण हंगामातल्या वादळाची नोंद साच्यात बसते: कुठे तयार झालं, कुठे धडकलं, किती वेग, किती नुकसान. अवेळी आलेलं वादळ साच्यात बसत नाही. हे तर ‘धडकलं’च नाही!

मी विकिपीडियावर रात्री बसून संपादन करतो, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. मराठी विकिपीडिया २००३पासून चालू आहे. तिथे कुणीही लिहू शकतो, कुणीही खोडू शकतो, आणि कुणी काय लिहिलं-खोडलं याचा सगळा इतिहास एका टिचकीवर दिसतो. असनावर लिहिताना माझं पहिलं वाक्य असं होतं: असना चक्रीवादळाने बडोदा बुडवलं. छान, ठसठशीत वाक्य. अर्ध्या तासात कुणीतरी ते उलटवलं. सदस्यनावही नाही, नुसता संगणकाचा अंकपत्ता. संपादनाच्या सारांशात एकच ओळ: बडोदा बुडालं तेव्हा असना नव्हतं.

माझा पारा चढला, खरं सांगतो. मी चर्चा पानावर तावातावाने लिहिलं. पण विचार करा, कोण बरोबर होतं? बडोद्यात पाणी चढलं २६ ऑगस्टच्या सुमाराला. ‘असना’ हे नाव मिळालं ३० तारखेला. त्याआधी ते होतं अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र, इंग्रजी वळणाने बोलायचं तर डीप डिप्रेशन. ताशी ६२ किलोमीटरची रेघ ओलांडली की आपलं हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं आणि तेव्हाच नाव देतं. नावंही आधीच ठरलेली असतात. २०२०च्या यादीत तेरा देशांनी प्रत्येकी तेरा, अशी १६९ नावं दिली, त्यांत असना पाकिस्तानचं. म्हणजे नाव मिळण्यापूर्वी जे बुडाले ते नावाच्या खात्यात घालायचे की नाही? बारशाआधी बाळाने केलेली खोडी कुणाच्या नावावर लिहायची?

शेवटी नोंदीत दोन भाग झाले. आधीच्या कमी दाबाने काय केलं ते एकीकडे, असना झाल्यावर काय झालं ते दुसरीकडे. माझं ठसठशीत वाक्य गेलं ते गेलंच. नवी वाक्यं लांब आहेत, रुक्ष आहेत आणि खरी आहेत. वर्तमानपत्रातला मथळा आणि ज्ञानकोशातली नोंद यांत हाच फरक असतो. मथळ्याला एक खलनायक हवा असतो. नोंदीला तारखा हव्या असतात.

वेगाचं काय? दिल्लीचं केंद्र तीन मिनिटांच्या सरासरीने वाऱ्याचा वेग सांगतं, अमेरिकेचं नौदल-हवाईदलाचं केंद्र एका मिनिटाच्या. साहजिकच अमेरिकेचा आकडा बहुधा मोठा. नवा संपादक येतो, मोठा आकडा पाहतो आणि छोटा खोडून मोठा टाकतो. दुसरा देशाभिमानाने उलटं करतो. मग कुणीतरी शहाणा दोन्ही आकडे देतो आणि कोणता कुणाचा ते लिहितो. बस. एवढ्यासाठी कधी कधी तीन दिवस जातात.

हसू नका. तुम्ही काशीकर तर हा खेळ वर्षानुवर्षं खेळत आला आहात. २०१४चा ऑक्टोबर आठवा. हुदहुद १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं. तिथे ते अगदी हंगामातलं वादळ. त्याचं उरलंसुरलं शरीर पूर्व उत्तर प्रदेशावर पाऊस टाकत नेपाळकडे गेलं आणि १४ तारखेला अन्नपूर्णेच्या वाटेवर, थोरांग ला खिंडीच्या परिसरात, हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. वादळ एकच. किनाऱ्यावर वेळेत, आणि हिमालयातल्या वाटसरूंना अगदी अवेळी, कारण ऑक्टोबर हा तिथे निरभ्र आकाशाचा महिना.

आणि इथे? या घाटावर त्या दिवसांत बांबूच्या टोकाला आकाशदिवे चढलेले असतात, कारण कार्तिक लागलेला असतो. कार्तिक लागला होता का हो? शेजारच्या शुक्लाजींना विचारा, ते म्हणतील, लागला, पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी. आपल्या आजीला विचारा, ती म्हणेल, छे, आश्विन वद्य पक्ष चालू आहे, दिवाळी यायची आहे. तोच दिवस, तोच पाऊस. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. वद्य पक्षात दोघांचे महिने वेगळे, शुद्ध पक्षात एकच. दोघेही खरं बोलतात. नोंदीत फक्त ‘कार्तिक’ लिहिलं तर अर्धे वाचक फसतील, आणि फक्त ‘आश्विन’ लिहिलं तर उरलेले अर्धे.

दूरचं एक उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडतं. अटलांटिकमध्ये वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. १९५५च्या जानेवारीत वेस्ट इंडीजच्या छोट्या बेटांवर एक हरिकेन आलं. नव्या वर्षातलं पहिलं म्हणून नव्या यादीतलं पहिलं नाव दिलं: ॲलिस. मागाहून नोंदी तपासल्या तेव्हा लक्षात आलं, ते तयार झालं होतं ३० डिसेंबर १९५४ला. म्हणजे ते १९५४च्या खात्यात गेलं. आणि १९५४च्या खात्यात जूनमध्ये आलेलं एक ॲलिस आधीच बसलं होतं! एका वर्षात दोन ॲलिस, एक पहिलं आणि एक शेवटचं. त्यानंतर जानेवारीत अटलांटिकवर हरिकेन व्हायला २०१६ उजाडलं. ते ॲलेक्स. १५ जानेवारी २०१६ला ते अझोर्सच्या तर्सेरा बेटावर पोचलं. त्याच दिवशी विकिपीडियाला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. या योगायोगाला काही अर्थ नाही. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता जरा कडू भाग.

पुष्कळांनी मिळून लिहिलं की ते खरंच असतं, असं मी म्हणत नाही. एक गोष्ट सांगतो. जून १८८२मध्ये मुंबईवर भयंकर चक्रीवादळ आलं आणि एक लाख माणसं मेली. वाचलंय कुणी? वाचलं असेल. जगातल्या मोठ्या वादळांच्या याद्यांत ते अनेक वर्षं होतं, पुस्तकांत होतं, विकिपीडियावर होतं. एका यादीने दुसरीवरून उचललं, दुसरीने तिसरीवरून.

आणि ते वादळ झालंच नव्हतं.

साधा हिशेब कुणी केला नव्हता. १८८१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७ लाख ७३ हजार. त्यातले एक लाख मेले, म्हणजे आठात एक. प्रत्येक चाळीत प्रेतं. कुलाब्याची वेधशाळा तेव्हा चालू होती, तिथे पारा उतरल्याची नोंद नको का? आणि मराठी माणसाने आणखी एक गोष्ट विचारायला हवी होती. केसरी निघून दीड वर्ष झालं होतं. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला चालला तो मुंबईत, आणि १७ जुलै १८८२ला त्यांना शिक्षा झाली. ते डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलं. ज्या शहरात महिन्यापूर्वी लाख माणसं बुडून मेली, तिथे बदनामीचे खटले इतके निवांत चालतात का? शेवटी हवामानाच्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं चाळली आणि वादळाचा मागमूस सापडला नाही. आता त्या नावाखाली नोंद आहे ती ‘न झालेलं वादळ’ म्हणून.

ती पुसून टाकली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुसली असती तर उद्या कुणीतरी जुनं पुस्तक उघडून ती पुन्हा लिहिली असती.

मग काय फरक पडतो पिडिंग्टनच्या कप्तानांत आणि १८८२च्या यादीकारांत? दोन्हीकडे पुष्कळ माणसं होती. फरक असा की कप्तानांनी एकमेकांची वही पाहिली नव्हती. प्रत्येकाने स्वतःचा वारा लिहिला. यादीकारांनी एकमेकांची वहीच उतरवली. दहा जणांनी एकाचं उतरवलं तर साक्षीदार एकच राहतो, दहा होत नाहीत. मुंबईवर १८८२ची थाप इतकी टिकली याचं कारण माझ्या मते हेही असावं की मुंबईला वादळ क्वचितच येतं. जे नेहमी घडतं त्याची थाप लगेच पकडली जाते, कारण तपासायला माणसं असतात. अपवादाच्या बाबतीत आपण भोळे होतो.

आपल्या मराठीला संपादनाचा धाक जुना आहे. एकनाथांनी भागवताची टीका पैठणला सुरू केली, पाच अध्याय तिथे झाले, पुढचे सगळे इथे काशीत. समाप्तीची नोंद त्यांनी अशी काटेकोर केली की आजचा संपादक हात जोडेल: स्थळ, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार. आणि वर्ष कोणतं दिलं? विक्रमाचं, १६३०. काशीत बसले होते म्हणून काशीचं वर्ष. आपल्या हिशेबाने शके १४९५, इंग्रजी १५७३. तिथी कार्तिक पौर्णिमा, म्हणजे शुद्ध पक्ष, त्यामुळे काशीकर आणि पैठणकर दोघांचं एकमत! याच नाथांनी पुढे ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तिच्यात पदरच्या ओव्या घुसडणाऱ्यांना कडक शब्दांत बजावलं. उलटवण्याचा अधिकार आमच्याकडे तेव्हापासून आहे.

आता छापील कोशांकडे. केतकरांचा ज्ञानकोश २३ खंडांचा. एका माणसाने भागभांडवल उभारून, दारोदार वर्गणीदार मिळवून तो पुरा केला, आणि त्यापुढे मी तर केवळ नमस्कारच करू शकतो. पण छापील कोशाची एक अडचण असते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ला निघाला, विसावा २०१५ला. असना हा शब्द ‘अ’चा. ‘अ’चा खंड निघून गेला तो १९७६ला, म्हणजे नेमका याआधीचं ऑगस्टातलं वादळ आलं त्याच वर्षी. गाडी सुटली. पुढची अठ्ठेचाळीस वर्षांनी.

वेळ संपत आली आहे, संयोजक घड्याळाकडे पाहताहेत. शेवटी एक विनंती.

या सभेत असे किमान वीस-पंचवीस जण असतील जे २०१४च्या त्या ऑक्टोबरात काशीतच होते. पाऊस किती वाजता सुरू झाला, वारा कुठून होता, किती आकाशदिवे विझले, कुणाचा बांबू पडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला नाही. माझ्या घरी येऊन सांगू नका. चर्चा पानावरही लिहू नका, तिथला कुणी अंकपत्ता लगेच विचारेल, ‘संदर्भ?’ आणि त्याचं बरोबर असेल. आपल्या गणेशोत्सवाच्या पुढच्या स्मरणिकेत ते छापा. एकमेकांचं न वाचता, प्रत्येकाने आपापलं. शेजाऱ्याच्या आठवणीशी जुळत नसेल तर अजिबात दुरुस्त करू नका, तसंच छापा. मग मी बसवतो वर्तुळात.

आणि तिथी लिहिलीत तर कंसात पंचांग कुणाचं ते लिहा, शुक्लाजींचं की आजीचं.